इस्माईलचा एकच खेळ

कारंज्याच्या जिनात, कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांवर, कापूस घालणाऱ्या बायांमध्ये मेहरबी सगळ्यांत कमी बोलायची. बाकीच्या बाया रेच्यांच्या घरघरीतही एकमेकींच्या कानाशी तोंड नेत, सासवांची गाऱ्हाणी सांगत, मुकादमाच्या नकला करत. मेहरबी पदर नाकावरून घट्ट बांधायची आणि खाली मान घालून मूठ मूठ कापूस रेच्यात सोडत राहायची. काहींना वाटे, बाई घमेंडी आहे. तसं काही नव्हतं. ती थकलेली होती. सकाळी अंथरुणातून उठतानाच तिचे खांदे भरून आलेले असत, आणि मग दिवसभर त्याच खांद्यांनी काम करायचं असे.

त्या हंगामाआधी तिनं जिनाचं फाटक आतून पाहिलं नव्हतं. तिचा नवरा इस्माईल स्टेशनावर टांगा हाकायचा. मूर्तिजापूरहून येणारी छोटी गाडी कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून टांगेवाले लिंबाखाली पत्ते कुटत बसत. इस्माईल पत्त्यांत हमखास हरायचा. पण शिरपूरच्या यात्रेला निघालेल्या कुण्या परदेशी माणसानं त्याला एक जादूचा खेळ शिकवला होता, आणि त्या एका खेळावर तो आयुष्यभर खूश होता.

खेळ अगदी सोपा. गड्डी पिसायची आणि पिसताना सगळ्यांत खालचा पत्ता गुपचूप पाहून ठेवायचा. समोरच्यानं एक पत्ता उचलायचा, बघायचा, गड्डीच्या वर ठेवायचा. मग गड्डी कापून वरचा भाग खाली घालायचा. एवढ्यानं आपण पाहिलेला पत्ता बरोबर त्याच्या पत्त्याच्या वर येऊन बसतो. एकेक पत्ता उलगडत गेलं की आपला पत्ता दिसतो, आणि त्याच्या पाठोपाठचा तो त्याचा.

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात इस्माईलनं तो तिला करून दाखवला. मेहरबी तेव्हा लहान होती, तिचे डोळे विस्फारले. पण त्याच पावसाळ्यात कंदिलाच्या उजेडात तिला त्याची नजर गड्डीखाली जाताना दिसली, आणि सगळं समजलं. ती बोलली नाही. पत्ता बरोबर निघाल्यावर त्याचा चेहरा असा फुलायचा की बोलावंसंच वाटेना. पुढे तिचं दुसरं लेकरूही देवीच्या साथीत गेलं, तेव्हा दफन करून आलेला इस्माईल बराच वेळ दाराशी उभा राहिला आणि मग काही न सुचून पत्ते काढून तिच्यासमोर बसला. "उठाव एक," म्हणाला. तिनं उचलला होता.

गेल्या आषाढात तो तापानं गेला. घोडं थोरल्या दिरानं, इब्राहीमनं, विकलं. इद्दत, विधवेनं घरात काढायचे ते चार महिने, संपली तशी मेहरबी जिनात जाऊ लागली, कारण दिराच्या घरी बसून खाणं तिला जड जात होतं. कुणी बोलून दाखवलं नव्हतं, तरी जड जात होतं.

एका सकाळी तिच्या जावेला, हुस्नाबानोला, पेटी आवरताना ती गड्डी सापडली.

"घरात जुगाराचं सामान नको मेहरबी. चुलीत घाल."

"जाळत नाही. स्टेशनावर दिलावरभाई टांगेवाल्याले देऊन देतो संध्याकाळी," मेहरबी म्हणाली आणि गड्डी फडक्यात गुंडाळून तिनं भाकरीच्या गाठोड्यात ठेवली.

त्याच दिवशी जिनाच्या इंजनाचा मोठा पट्टा तुटला. धाडकन आवाज झाला, मग रेचे एकामागून एक थांबले, आणि इतकी शांतता झाली की बायांना आपापलं खोकणं ऐकू येऊ लागलं. पट्टा जोडायला मिस्त्री बोलावला. मुकादम दौलतराव दारात येऊन ओरडला, "फाटकाच्या बाहीर कोनी जायचं नाई! पट्टा चढला का लगेच काम सुरू."

बाया सरकीच्या ढिगाला टेकून बसल्या. कुणाच्या भुवयांवर कापूस, कुणाच्या केसांत. भूक नसली तरी वेळ घालवायला गाठोडी सुटली. मेहरबीनं आपलं सोडलं आणि फडकं निसटून पत्ते मांडीवर पसरले.

"अवं माय! पत्ते!" शेजारची सोजरबाई एकदम सरळ झाली. सोजरबाई माहेरची इंझोरीची, वयानं सगळ्यांत थोर, आणि जिनातली कुठलीही गोष्ट तिच्या निकालाशिवाय संपत नसे. "तू खेळतं काय वं?"

"नाई माय. त्याईचे होते." मेहरबी नवऱ्याचं नाव घेत नसे.

"इस्माईलचे? मंग तो खेळबी येत असंन तुले. माह्या भावाले दाखवला होता त्यानं स्टेशनावर. तो आजलोक सांगते."

मेहरबीनं नाही म्हटलं. पण बाया सरकत सरकत भोवती आल्या. नाही म्हणत राहायलाही जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. तिनं हात पुसले आणि गड्डी पिसायला घेतली. तिनं उभ्या जन्मात तो खेळ स्वतः केला नव्हता, फक्त पत्ते उचलले होते. तरी बोटांना सगळं माहीत असल्यासारखं झालं. खालचा पत्ता किलवर सत्ती.

सोजरबाईनं पत्ता उचलला, छातीशी धरून पाहिला, वर ठेवला. मेहरबीनं गड्डी कापली आणि न बोलता एकेक पत्ता सरकीवर मांडत गेली. किलवर सत्ती आली. पुढचा पत्ता तिनं सोजरबाईच्या हातात दिला. चौकटचा गुलाम.

"हाच!" सोजरबाई किंचाळली. बाया हसल्या, कुणी तोंडावर हात ठेवला. "बाप्पा! हे त जादूच झाली."

फक्त रुख्मिणी हसली नाही. रुख्मिणी सगळ्यांत तरुण, काटक, नजरेची तिखट. "अजून एक डाव कर," ती म्हणाली. "आता मी उचलतो."

हा खेळ त्याच माणसांसमोर लागोपाठ दोनदा करू नये, हे इस्माईल सांगायचा. मेहरबीला ते आठवलं. पण तिला वाटलं, कळलं तर कळलं. ती पुन्हा पिसू लागली. रुख्मिणीनं गड्डीकडे पाहिलंच नाही, ती मेहरबीच्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

"थांब. तू खाली पाह्यलं."

मेहरबीचे हात थांबले.

"खालचा पत्ता पाह्यला नं तू? अन् तो मंग माह्या पत्त्यावर येऊन बसते. एवढंच हाये ना?"

"एवढंच हाये," मेहरबी म्हणाली.

बायांत हशा पिकला. कुणी म्हणालं, हे तर आपलं पोट्टंही करेल. कुणी म्हणालं, पण मला नसतं कळलं. देवला नावाची बाई सहसा कशात नसायची, तीही म्हणाली, "कापल्यावर अजून एक डाव कापला तरी चालंन काय?" यावर चांगलीच चर्चा झाली. दोघींनी पत्ते हातात घेऊन करून पाहिलं. एकीचं जमलं, दुसरीचा खालचा पत्ताच ध्यानातून गेला. मेहरबी मागं टेकून ते पाहत होती. इस्माईलचं इतक्या वर्षांचं गुपित थोड्याच वेळात सरकीच्या ढिगावर उघडं पडलं, आणि आपल्याला वाईट कसं वाटत नाही याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी सोजरबाईनं निकाल दिला. "खेळ बरा हाये. पन मेहरबी, तुह्यात दम नाई. तू मयतीत बसल्यावानी पत्ते मांडतं. माह्या भावानं सांगितलेलं येगळंच होतं. इस्माईल म्हने लय बोलायचा."

"बोलायचे," मेहरबी म्हणाली.

"काय बोलायचे? सांग ना."

"कायले माय. खेळ त आता सगळ्याइले ठाऊक झाला."

"होऊ दे ठाऊक. पट्टा कुठी जुळला अजून?"

मेहरबीनं गड्डी हातात घेतली. मग तिनं नाकावरचा पदर खाली केला, आणि तिच्या तोंडून इस्माईलची बडबड बाहेर पडली, अगदी त्याच हेलात.

"आओ मियां, आओ सेठ, पैदल जानेवालेबी आओ! गाडी लेट हाये, घोडं उपाशी हाये, आपली तकदीर गड्डीत हाये. उठाव पत्ता. पाहून घे. बायकोले सांगू नको, ते गावाले सांगंन. ठेव वर. आता हा पत्ता चालला मूर्तिजापूरले... धनजले पानी प्याला... परत फिरला... घरची याद आली बिचाऱ्याले!"

बाया हसून हसून सरकीवर आडव्या झाल्या. पत्ता रुख्मिणीनं उचलला होता. मेहरबीनं बदाम दश्शी तिच्यासमोर धरली, तेव्हा रुख्मिणीनं, सगळं माहीत असलेल्या रुख्मिणीनं, दोन्ही हात गालांवर मारून घेतले आणि म्हणाली, "कसं काय ओळखलं वं मावशी?"

मेहरबी हसली नाही, पण तिला घाम फुटला होता आणि श्वास लागला होता. एवढ्या चार वाक्यांनी ती दिवसभर ओझं वाहिल्यासारखी दमली. हा माणूस रोज हे कसं करायचा, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात इंजनानं एक उचकी दिली. दौलतराव ओरडला. बायांनी पदर बांधले आणि रेचे पुन्हा घरघरू लागले.

सुट्टी झाल्यावर ती स्टेशनाकडे गेली. दिलावर लिंबाखाली घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधत होता. इस्माईलच्या शेजारी त्याचा टांगा पंधरा-वीस वर्षं उभा राहिलेला. मेहरबीनं गड्डी पुढे केली.

"भाबी, ठेवा ना. याद राहील त्याची."

"घरात नको म्हणतात. तुमाले कामी येतील." ती जायला वळली, मग थांबली. "आज जिनात मी त्याईचा खेळ करून दाखवला."

"तुमी?" दिलावर मोठ्यानं हसला. "मंग?"

"एकीनं पकडलं."

"पकडनारच. आमी त पह्यल्याच दिवशी पकडलं होतं."

मेहरबी दोन पावलं मागं आली. "तुमाले मालूम होतं?"

"सगळ्याइले मालूम होतं भाबी. ह्या लिंबाले बी मालूम असंन." दिलावरनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "गाडी येऊन नाई राह्यली, ऊन मी म्हनते, अन् हा म्हने उठाव पत्ता. मंग आमी उठवत होतो. आमच्यातला जगदेव एक दिवस बोलनार होता, मी त्याचा पाय दाबला."

"अन् त्याईले? तुमाले मालूम हाये, हे त्याईले मालूम होतं?"

दिलावरनं तोबऱ्याची दोरी घट्ट केली. "हे नाई सांगता येत," तो म्हणाला. "एक डाव मी मुद्दाम खोटं बोललो. पत्ता बरोबर काढला होता त्यानं, मी म्हटलं, हा नोहे, चुकला तू. तो माह्याकडे पाहून हसला, अन् म्हने, चुकलो बा. अन् पत्ते गोळा केले."

गाडीची शिट्टी लांबून आली. दिलावरनं गड्डी टांग्याच्या पेटीत टाकली आणि तोबरा सोडायला घेतला. मेहरबी घराकडे निघाली.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याला सांभाळून घेणारी आपण एकटी. ते ओझं तिनं कुणाला न सांगता वागवलं होतं, आणि त्याचा थोडासा अभिमानही धरला होता. आता वाटेनं चालताना तिला आठवलं, शेवटच्या एक-दोन वर्षांत इस्माईल तिच्यासमोर खालचा पत्ता लपवून पाहतही नव्हता. उघड पाहायचा, मग गड्डी पुढे करायचा. तिला वाटलं होतं, वय झालं, हात ढिले पडले. तसंच असेल. किंवा नसेल. विचारणार कुणाला? पाय दुखत होते आणि घरी पीठ मळायचं होतं.

हुस्नाबानोनं विचारलं, "दिले?"

"दिले," ती म्हणाली आणि परातीसमोर बसली. त्या रात्री भाकऱ्या झाल्यावर ती न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी बायांनी पत्ते मागितले. देऊन टाकल्याचं कळल्यावर रुख्मिणी चिडली, "काहून देल्ले वं? आमी शिकलो असतो ना." सोजरबाईनं तिला गप्प केलं. पुढे होळीपर्यंत, जीन बंद होईस्तोवर, पट्टा पुन्हा तुटला नाही. मेहरबी फार बोलकी झाली असंही नाही. पण दुपारी ती आता ढिगामागं एकटी बसत नसे. बायांच्या घोळक्यात येऊन बसायची, आणि कुणी फारच आग्रह केला तर "आओ मियां, आओ सेठ" एवढंच म्हणून थांबायची. बाया तेवढ्यावरही हसत.

आणखी काही हंगाम तिनं काढले. मग छातीत कापूस बसला, खोकला सुटेना, तेव्हा तिची बहीण सरवरी येऊन तिला धनजला घेऊन गेली. जायच्या दिवशी दिलावरनं तिला स्टेशनावर सोडलं आणि भाडं घेतलं नाही. गाडीला उशीर होता. दोघी बहिणी लिंबाच्या सावलीत गाठोड्यांवर बसल्या, आणि मेहरबीला तिथंच बसल्या बसल्या गाढ झोप लागली.