सातवीत आई शिकवायला होती

सातवीत आम्हाला विज्ञान शिकवायला माझी आईच होती. शाळा कसबा बावड्यात, सातवीची तुकडी एकच, त्यामुळं मला दुसरीकडं बसवायची सोयच नव्हती. जूनमध्ये घरातून निघताना तिनं मला बजावलं की फाटकातून आत गेल्यावर ती माझी आई नाही, मॅडम आहे, आणि मी तिला तसंच म्हणायचं. मी म्हणायचे. वर्गात ती मला आडनावानं हाक मारायची आणि इतरांपेक्षा अवघड प्रश्न विचारायची. मधल्या सुट्टीत मात्र दोघींच्या डब्यात एकच भाजी निघायची आणि ते सगळ्या वर्गाला माहीत होतं.

ती शिकवायची छान. शाळेत प्रयोगशाळा म्हणून जिन्याखालची एक खोली होती. पुराचं पाणी शिरल्यापासून तिथलं लाकडी कपाट फुगलेलं, दार लागत नव्हतं आणि आतल्या निम्म्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. आई घरातूनच बटाटे, हळद, लिंबू, मेणबत्त्या घेऊन यायची आणि मुलांच्या हातून प्रयोग करून घ्यायची. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रश्नमंजूषा. खिडकीकडची बाजू विरुद्ध दाराकडची बाजू, फळ्यावर गुण. इतर तासांना पेंगणारी पोरंसुद्धा त्या तासाला बाकाच्या टोकावर येऊन बसायची.

दिवाळीची सुट्टी संपली, साखर कारखान्याचा हंगाम लागला आणि बावड्यात मळीचा वास भरून राहिला. पप्पा कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामात त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या आणि ते घरी असले तरी झोपलेलेच असायचे. त्याच दिवसांत आईनं आम्हाला पानाचा प्रयोग दाखवला. जास्वंदीचं पान स्पिरिटमध्ये उकळायचं, त्यातलं हिरवं निघून गेलं की धुऊन त्यावर आयोडिनचे थेंब टाकायचे. पान निळं-काळं पडतं, म्हणजे पानात पिष्ट आहे. स्पिरिटची नळी थेट जाळावर धरायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची आणि तोवर दिवा विझवून टाकायचा. हे तिनं आमच्या सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा जास्वंदीची पानं घेऊन आली आणि म्हणाली, आज आपण एक नवीन गोष्ट बघणार आहोत. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं की हे झालंय. आई क्षणभर थांबली, मग हसून म्हणाली की प्रयोग एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करून तेच उत्तर आलं तर ते खरं. वर्गाला ते पटलं. मलाही पटलं. मग ती तिसऱ्यांदा पानं घेऊन आली, त्याच वाक्यानं सुरुवात केली, तेव्हा कुणीच काही बोललं नाही. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली आणि मी पुस्तकात बघत राहिले.

शनिवारच्या प्रश्नांचंही तसंच व्हायला लागलं. आधीच्या आठवड्यात विचारलेलेच प्रश्न ती त्याच क्रमानं विचारायची. पोरांना ते पाठ झाले. ती “मानवी शरीरातील सर्वांत” एवढंच म्हणायची आणि दाराकडच्या बाजूनं उत्तर यायचं. पोरं हसायची. तिला वाटायचं, ती उत्तर आल्याच्या आनंदानं हसतायत. तिचा चेहरा फुललेला असायचा. घरी आल्यावर ती पप्पांना जेवण वाढताना सांगायची की यंदाचा सातवीचा वर्ग फार हुशार आहे, एवढा हुशार वर्ग तिला कधी मिळाला नव्हता. पप्पा मान हलवायचे. मी ताटात खाली बघून जेवायचे.

आणखी एक बदल झाला होता, तो पोरांच्या आधी माझ्या ध्यानात आला. आई घरी आमच्यासारखीच बोलायची, पण वर्गात तिची भाषा पुस्तकी, स्वच्छ असायची. आता वर्गात मध्येच तिच्या तोंडून घरचं यायला लागलं. “पेटतंय का न्हाय बघा की,” असं ती एकदा म्हणाली आणि वर्गात खसखस पिकली. पोरं का हसली, हे तिला कळलं नाही.

स्कुटीवरून घरी येताना चौकात गाडी हळू करून ती मागं वळून विचारायची, “आता कुठं वळायचं, सांग बघू?” ती लहानपणापासून मला असे प्रश्न विचारायची, म्हणून मला वाटायचं माझीच परीक्षा चाललीय. मी सांगायचे. एकदा मी मुद्दाम उलटं सांगितलं, ती हसून मला चुकीचं म्हणेल म्हणून. ती काही न बोलता उलटी वळली. बऱ्याच पुढं, उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या तिथं आल्यावर मीच तिला थांबवलं. त्या दिवशी मला भीती वाटायला लागली.

घटक चाचणी झाली तेव्हा तिनं आधीच्या चाचणीचाच पेपर फळ्यावर लिहिला. सगळ्यांना भरभरून गुण पडले, आणि पहिली मी आले. एका मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन तक्रार केली की मॅडमनी स्वतःच्या लेकीला पेपर फोडला आणि ते झाकायला सगळ्या वर्गाला तेच प्रश्न दिले. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस तीच चर्चा होती. आई आत गेली की बोलणं थांबायचं.

हेडसरांनी तिला बोलावलं आणि थोड्या वेळानं शिपाई मला घ्यायला आला. हेडसर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. आई त्यांच्यासमोर खुर्चीवर ताठ बसली होती. पदर घट्ट धरलेला. ती सांगत होती की तिनं आजवर एक पेपर दोनदा काढलेला नाही, आणि हवं तर सरांनी तिच्या मुलीला विचारावं, ती खोटं बोलणार नाही.

“हे प्रश्न मॅडमनी आधी घेतले होते काय?” हेडसरांनी मला विचारलं.

मी आईकडं बघितलं. तिच्या नजरेत जरासुद्धा शंका नव्हती. मी नाही म्हणणार याची तिला खात्री होती, कारण तिच्या लेखी तेच खरं होतं.

“व्हय सर,” मी म्हणाले. “पण मॅडमनी मुद्दाम नाही केलं. त्यांच्या लक्षात राहत न्हाय.”

हेडसर खुर्चीतून पुढं वाकले. मग अगदी मायेनं म्हणाले, “पोरी, आईला वाचवायला असलं काही सांगू नये.”

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर आले. यापुढं सातवीचे पेपर दुसरे शिक्षक काढतील, असं त्यांनी आईला सांगितलं.

 पप्पा पाळीवरून घरी आले तशी आई म्हणाली, “माझं डोकं फिरलंय म्हणून सांगून आली ही साऱ्या शाळेला.” पप्पा दमलेले होते. त्यांनी मला आईची माफी मागायला सांगितली. मी मागितली. ती तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसली आणि जेवलीही नाही.

सकाळी वेणी घालताना तिनं मला विचारलं, एवढं तोंड का पाडलंय, कुणी काही बोललं काय. मला वाटलं टोमणा मारतेय. आरशात बघितलं तर ती खरोखरच विचारत होती. मी काही नाही म्हणाले आणि तिनं माझ्या रिबिनीची गाठ घट्ट केली.

पप्पांना मी परत सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, हंगाम संपू दे, तिला घेऊन चार दिवस जोतिबाला, माहेराला जाऊन येऊ, दमलीय ती. त्यांना कळत नव्हतं असं मला आज वाटत नाही. त्यांना हंगाम संपेपर्यंत वेळ हवा होता.

तो मिळाला नाही. जानेवारीतल्या एका तासाला आई पुन्हा जास्वंदीची पानं घेऊन आली. आता पोरं कंटाळली होती, खाली मान घालून गृहपाठ उतरवत होती. तिनं टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटवला. पाण्याचं भांडं ठेवलंच नाही. नळीत पान घातलं, वर स्पिरिट ओतलं आणि चिमट्यात धरून नळी सरळ जाळावर नेली.

“मॅडम,” मी उठून म्हणाले.

तिनं खाली बस अशी खूण केली.

“मॅडम, पाणी.”

“हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही.”

“आई,” मी ओरडले. वर्गात तिला आई म्हणायची ती पहिलीच वेळ. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं, हात कलला, आणि नळीतून जाळ उसळून तिच्या मनगटावर आला. पदराच्या टोकाला लागला. पोरं किंचाळत मागं सरली. मी आणि माझी मैत्रीण पुढं धावलो. मैत्रिणीनं फळा पुसायचं ओलं फडकं पदरावर टाकलं, मी माझी पाण्याची बाटली आईच्या हातावर रिकामी केली. शेजारच्या वर्गावरचे सर आले तोवर जाळ विझला होता. आईचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता आणि ती वर्गाकडं बघून, कडक आवाजात विचारत होती, “कुणी पेटवलं हे? उभं राहा.”

कुणी हललं नाही. हसलंही नाही.

हात भरून यायला बरेच दिवस लागले. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पप्पांना दुसरंच काही काही विचारलं आणि राजारामपुरीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. घरी माझ्याजवळ थांबायला कुणी नाही म्हणून पप्पा मलाही तिथं घेऊन गेले. डॉक्टरांनी आईला तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, रेल्वे. ते लक्षात ठेवा, नंतर विचारतो, म्हणाले. मग महिना कुठला, आपण कुठल्या गावात आहोत, असं विचारलं. घड्याळ काढायला लावलं. तिनं गोल छान काढला, फळ्यावर काढायची सवय होती, पण आकडे सगळे एका बाजूला दाटले. ती पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ताठ बसून प्रत्येक प्रश्न नीट ऐकत होती.

“आता ते तीन शब्द सांगा,” डॉक्टर म्हणाले.

ती छताकडं बघत राहिली. मग पट्टी बांधलेला हात टेबलाखालून माझ्याकडं सरकवला, माझी ओढणी ओढली आणि अगदी हळू म्हणाली, “सांग की.”

डॉक्टरांनी मला मान हलवून नको म्हटलं. मी नाही सांगितलं. पप्पा उठून बाहेर गेले.

एवढ्या कमी वयात हे होणं दुर्मीळ, पण होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी आजाराची चाल थोडी हळू होईल, गेलेलं परत काही येणार नाही. आईची नोकरी सुटली. हेडसर शाळेतर्फे शाल-नारळ घेऊन घरी आले. ती त्यांना ओळखून वागते असं वाटत होतं, चहाचं विचारलं, खुर्ची पुढं केली. मग तिनं विचारलं, तुमचं मूल कुठल्या इयत्तेत आहे. हेडसर बोलायचे थांबले. निघताना ते दारात माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणायला लागले आणि तसेच चप्पल घालून गेले.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तिला गुण सांगितले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. थोड्या वेळानं विचारलं, निकाल कधी आहे. मी परत सांगितलं, ती परत तेवढीच खूश झाली. दिवसभर मी तिला सांगत होते. बारावीच्या निकालाला तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं, तर ती माझ्या ओठांकडं बघत राहिली, आणि मग खिडकीकडं.

आता मी शहरात एका कार्यालयात नोकरी करते. पप्पांनी मुदतीच्या आधीच काम सोडलं. तिला भरवायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, हे सगळं ते करतात. आई बोलत नाही. मध्यंतरी पप्पा आईसोबत मला डॉक्टरांकडं नेईनासे झाले. मी कारण विचारलं नाही, कारण त्याआधीच एकदा डॉक्टर दारापलीकडं त्यांना सांगताना मी ऐकलं होतं की हे कधीकधी रक्तातून येतं, मुलीची तपासणी करून घेता येईल. पप्पांनी ते मला कधी सांगितलं नाही आणि मला माहीत आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. संध्याकाळी मी घरी येते, आईला उठवून बाहेरच्या खुर्चीवर बसवते, पप्पा चहा आणतात आणि आम्ही कारखान्याच्या भोंग्यापर्यंत तिथंच बसून राहतो.