किहीमची काळी भिंत

आमची इंजिनिअर्सची तुकडी बोट ट्रेनिंगसाठी किहीमच्या किनाऱ्यावर होती. मी कॅप्टन. डोक्यावर बेरे टोपी, डोक्यात जिऑलॉजीची एमएस्सी. दोन्हींपैकी एमएस्सीच जास्त तिरकी बसली होती.

किनाऱ्यावरून काळ्या दगडाची सरळ भिंत समुद्रात घुसली होती. आदल्या संध्याकाळी मी जवानांना तिच्यावर लेक्चर झोडलं. "जमिनीला भेग पडली, खालून मॅग्मा चढला, तिथेच थिजला. बाजूचा खडक झिजला, ही उरली. याला डाइक म्हणतात." भिंतीत दगडाचे ओंडके आडवे दिसत होते, जळणाची लाकडं रचावीत तसे. मधूनमधून काही निखळलेले. मी फोटो काढले. निखळलेले गेले कुठे, हे मात्र या कॅप्टन बाईसाहेबांना सुचलं नाही.

नायक गणपत कदम पोलादपूरकडचा. "मॅडम, आमच्या गावामागं अशीच भिंत हाय. आम्ही राक्षसाचा बांध म्हणतो."

"आता डाइक म्हणायचं."

"येस मॅडम."

दुसऱ्या दुपारी दोन कोळणी भिंतीच्या टोकाशी कालवं फोडताना भरतीत अडकल्या. "लवकर या रं! पानी चढतंय!"

दोन बोटी निघाल्या. पहिलीत मी, पुढे कदम. अनोळखी पाण्यात आधी बांबू घालून खोली बघायची, मग बोट सरकवायची, हे आमचं ड्रिल. कदमने बांबू उचलला.

"ठेव तो. वेळ जातो. भिंतीला धरून चला, तिथे पाणी खोल आहे."

तो हसला. "मॅडमनी दगडाची कुंडलीच मांडलीय." बांबू खाली ठेवला.

निखळलेले ओंडके तिथेच होते, भिंतीच्या पायाशी, पाण्याखाली. बोट आपटून आडवी झाली. कदम बोट आणि भिंत यांच्यात चेंगरला.

मी वायरलेस उचलला. "बोट टू, कदम जखमी. बाहेरून या. बांबू घालत या. ओव्हर."

"रॉजर."

बांबू घालत येऊनही बोट टू वेळेत पोचली. कोळणी वाचल्या. कदम अलिबागला पोचेपर्यंत गेला. सगळे म्हणाले, समुद्रापुढे कुणाचं काय चालतं? मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची लाज अजून वाटते.

आता ओहोटीला नातीला तिथे नेते. घोटाभर पाण्यातही आधी काठी घालायला लावते.

"आजी, तळ दिसतोय की!"

"दिसू दे. घाल काठी."

परवा तिने विचारलं, "या भिंतीला काय म्हणतात?"

"राक्षसाचा बांध."

"कुणी सांगितलं?"

"नायक गणपत कदम," मी म्हणाले. नकळत टाचा जुळल्या होत्या.