कुपीवरचं नाव

प्रयोगशाळेत तिला सगळे मुळीबाई म्हणत. चिनी वैद्यकातल्या एका कडूजहर मुळीच्या ती हात धुऊन मागे लागली होती. पण हात काही धुऊन निघत नसत, बोटं कायमची पिवळी. मुळी दळायची, अल्कोहोलात भिजवायची, आम्ल आणि अमोनिया आलटूनपालटून घालत तिच्यातली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली कडू औषधी द्रव्यं, एकेक करून सोडवायची. इतर लोक वैतागून चहाला जात, ही जागची हलत नसे.

अखेर एका बाटलीच्या तळाशी नारिंगी स्फटिक जमले. हा पदार्थ आजवर कुणी नोंदलेलाच नव्हता. तिचे सर हरखले.

"नवं अल्कलॉइड! नाव काय द्यायचं?"

"आईचं दिलं तर चालेल?"

सर हो म्हणाले. तिने लगेच कुपीवर मार्करने आईचं नाव लिहिलं आणि घरी फोन लावला. आईने ते गल्लीभर केलं, हे सांगायला नकोच.

शोधनिबंध पाठवायचा तेवढा बाकी राहिला, आणि मुळीबाईच्या मनात पाल चुकचुकली. नव्या रेणूचं वजन याच मुळीतल्या एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या अल्कलॉइडपेक्षा जरासंच जास्त होतं. ते जास्तीचं वजन ओळखीचं वाटलं, ॲसिटोनच्या एका रेणूएवढं. शेवटी स्फटिक धुवायला ती ॲसिटोनच वापरायची, नेलपॉलिश काढतात तो द्राव!

"सर, थांबा. ॲसिटोन न वापरता पुन्हा काढून बघते."

"अगं, सगळं तयार आहे. उगाच शंका कशाला काढतेस?"

"आईचं नाव आहे सर त्याला."

सरांनी निबंध बाजूला ठेवला. तिने पुन्हा मुळी दळण्यापासून सुरुवात केली. शेवटी अर्कातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी प्लेट दिव्याखाली धरली, तर जुन्याचा पिवळा ठिपका लख्ख उमटलेला आणि नारिंगीची जागा कोरी. मुळीत नवं काही नव्हतंच. जुन्यालाच ॲसिटोन चिकटून ते हिच्या बाटलीत तयार झालं होतं. दुसरं कुणी मूग गिळून बसलं असतं. हिने स्वतः सरांना बोलावून प्लेट दाखवली. धन्य त्या बाईची! मग कोपऱ्यात जाऊन रडली आणि आईला फोन केला.

"आई, ते मुळीतलं नव्हतं गं. माझ्याच धुण्यातून झालं."



"मग पूस माझं नाव. खरं सापडलं की लिही. मी काय पळून चाललेय?"

मार्करची शाई पाण्याने जात नाही. तिने कापसाला ॲसिटोन लावला आणि कुपी पुसून काढली.