पयले जेवा, मंग करार

देसले सरांना इंग्रजी ईमेलचा शेवट कधी पटलाच नाही. नुसतं 'रिगार्ड्स' म्हणजे कोरडेपणा, असं म्हणून ते खाली एक वाक्य जोडायचे, "याल तेव्हा जेवायलाच या." असे ईमेल त्यांनी जगभरच्या विद्यापीठांना धाडले. आसनगावजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकलला शिकवतात आणि मी सिव्हिलला. परदेशी विद्यापीठांशी करार करण्याचं काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं होतं. मला ते ओझं वाटायचं, सरांच्या मात्र अंगात आलं होतं. "आपली पोरं एक टर्म तिकडं शिकून आली पायजेत," एवढाच ध्यास.

बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. फिनलंडच्या प्राध्यापक आनिकाबाईंनी दिलं, तेही जेवायला काय असेल हे विचारून. तो ईमेल छापून सर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले.

बाईंना दाखवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, पण झकास होती. भाताची रोपं करण्याआधी इकडे शेतात पालापाचोळा भाजतात. त्याला राब म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्याचा धूर सगळीकडे असतो. आमच्या मुलांनी एक लोखंडी भट्टी केली होती. तिच्यात त्याच पाल्याचा जवळजवळ धुराशिवाय कोळसा व्हायचा आणि तो मातीत मिसळता यायचा. मुरबाडकडे सरांच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम शेती बघतो. त्याच्या बांधावर मुलांनी भट्टी नेली आणि तिच्यासाठी पाल्याचा भलामोठा ढीग रचून ठेवला. भट्टी पसंत पडली तर करार, नाहीतर बाई आल्या तशा परत.

बाईंना घेऊन आमची गाडी गावाच्या वळणावर आली आणि समोर धुराचा हा मोठा लोट. खाली उतरलो तर बाळाराम काळवंडलेल्या तोंडाने हसत उभा. "दादा, पावणे येनार, आन् बांधावर येवढा कचरा. बरा नाय दिसत. सगला साफ केला."

सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. "बाई," ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचा मान राखायला माझ्या भावाने आमचा प्रयोग जाळून टाकला." आनिकाबाईंना ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्या खोकत खोकत हसत सुटल्या.

"सर, आता भट्टीत काय घालणार?" मी कुजबुजले.

"पयले जेवा," सर म्हणाले.

तांदळाच्या भाकरी, सुकट आणि कैरीची चटणी होती. बाळाराम मात्र ताटावर बसला नाही. आपण काय केलं ते समजल्यावर तो घरोघर फिरत होता, "माझी चूक झाली, तुमी एकेक भारा पाला द्या." स्वतःच्या राबासाठी जमवलेला पाला सहसा कुणी देत नाही. त्या दिवशी दिला. बायका डोक्यावर भारे घेऊन आल्या. शेवटचा भारा आनिकाबाईंच्या डोक्यावर होता, तो सारखा घसरत होता, आणि मागून अर्धं गाव "गो बाय, सावकास" म्हणत येत होतं. भट्टी पेटली. धूर नावापुरता निघाला. करारावर सह्या सरांच्या ओटीवर झाल्या, आणि आमच्या प्रतीवर सुकटीचा डाग आहे. मी तो कुणाला पुसू देत नाही.

यंदा मुलांची पहिली तुकडी गेली आणि सरही टर्मभर शिकवायला गेले. मला आनंद आहे, पण त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नाही. परवा बाळाराम कॉलेजात आला आणि मी व्हिडिओ कॉल लावून दिला. लोकरीच्या टोपीत सर ओळखूच येईनात.

"दादा, जेवलास?"

"जेवलो रे. तू?"

बाळारामने मान डोलावली. मग माझ्याकडे एकदा बघून फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज खाली आणला. "आयक, दादा. पावणा म्हनून गेलायस. तिथं कोनाच्या बांधावर काय पडलेला दिसला, तर साफ करू नको."