उडी मारल्याशिवाय पास नाही

इलॅस्टिकवाल्याने मला फसवलं. पडून राहून ढिलं झालेलं इलॅस्टिक नवा माल म्हणून माझ्या गळ्यात मारलं, आणि भाव पाडल्याच्या आनंदात मी ते घेतलं.

देवळाली कॅम्पातल्या माझ्या दुकानात पिशव्यांबरोबर जवानांचे छातीवर बांधायचे पट्टेही शिवतो. पट्ट्याच्या खिशांत रायफलची गोळ्या भरलेली मॅगझिन ठेवतात आणि खिशाच्या तोंडाचं इलॅस्टिक ती धरून ठेवतं. नमुना तपासायला एक निवृत्त हवालदार येतात. त्यांनी मान डोलावल्याशिवाय मी पुढचं कापड कापत नाही. ते पट्टा नुसता हातात घेऊन बघत नाहीत. अंगावर चढवतात, "शेठ, जरा झाडू मारा," म्हणतात आणि पोटावर सरपटत काउंटरखालून पलीकडे निघतात. पिशव्या घ्यायला आलेल्या बायका हसायला लागल्या की खालून आवाज येतो, "हसा ताई, पुढचा नंबर तुमच्या पिशवीचा!"

या वेळचा पट्टा छोटा, आटोपशीर होता. सरपटताना कुठे टोचला नाही, म्हणून स्वारी खूश. मग त्यांनी मॅगझिनच्या मापाच्या तीन डब्यांत वाळू भरली, ते खिशांत कोंबले आणि लहान पोरासारखी उडी मारली. तिन्ही डबे फरशीवर! टाळी वाजवून तेच म्हणाले, "झकास, शेठ! इथेच पडले, सीमेवर नाही."

मलाही हसू फुटलं, पण इलॅस्टिकवाल्याला फोन लावलाच. "आत्ता दुकानात ये. हा पट्टा बांधून हवालदारांसमोर उडी मार, आणि जवानाच्या छातीवरून मॅगझिन पडलं असतं तर जबाबदार कोण, ते त्यांच्या तोंडावर सांग."