छगनच्या रक्तातला ताप

तापाच्या वॉर्डातल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. त्या आपोआप साठतात आणि चार माणसं जमली की बाहेर पडतात. पन्नासच्या दशकात जयपूरला, आमच्या आदर्श नगरच्या घरी, रविवारी मराठी मंडळी पोह्यांना जमायची. मी बोलायला लागले की सासूबाई म्हणायच्या, "मालती, अगं निदान खाताना तरी रक्त नको!" सगळे हसले की मी पुन्हा सुरू!

त्यातले हे छगनचे किस्से.

*

छगन जयपूरजवळच्या बगरू गावचा, कापडावर ठसे उमटवणारा, पंचविशीचा. ताप महिनाभर अंगात मुरलेला. मी वॉर्डात नवी डॉक्टर. त्याचा हात हातात घेतला आणि दचकलेच. नखं निळीशार!

"ऑक्सिजन!" मी ओरडले. आमचे बापट सर धावत आले. तोवर छगन उठून बसला होता आणि आईच्या हातची बाजरीची भाकरी खात होता.

सरांनी त्याची जीभ बघितली. गुलाबी! "मालती, नीळ आहे ती. धंद्याची!"

सगळा वॉर्ड हसला. हसत हसतच सरांनी छगनची खालची पापणी ओढली. आत लाल ठिपके होते. सरांचं हसू मावळलं. मग छातीला स्टेथोस्कोप लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं आणि तिथून ते रक्तात पसरत होते. पेनिसिलिन येण्याआधी या आजारातून बहुधा कुणी घरी परतत नसे.

*

पेनिसिलिन द्यायच्या आधी रक्तातले जंतू सापडायला हवेत, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागे. छगनची आई आडवी आली. "बाईसा, इसमें बचा ही क्या है जो निकाल रही हो?" आम्ही रक्त विकतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

सरांनी बाही वर केली. "आधी माझं काढ."

मी सुई टोचली, शीर चुकली. परत चुकली! सर चेहरा हसरा ठेवून मराठीत म्हणाले, "आता चुकलीस तर मी ओरडेन हं. आणि ती पोराला घेऊन बगरूला जाईल."

मग जमलं. म्हातारीने छगनचा हात स्वतःच पुढे केला.

*

दर चार तासांनी इंजेक्शन, तेही सहा आठवडे! सुया उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. छगनच्या कमरेखाली जागाच उरली नाही. आमच्या केरळच्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या की तो निमूट पालथा व्हायचा आणि म्हणायचा, "छापो, सिस्टरजी!"

सिस्टर कडक. वॉर्डात कधी हसायच्या नाहीत. पण सिरिंज भरताना त्या भिंतीकडे तोंड करू लागल्या.

*

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला. लगेच छगनचा थोरला भाऊ उंटगाडी घेऊन हजर! "बुखार गया साब, अब हम भी चलें." आजार आत तसाच आहे, हे मी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

सरांनी त्याला एवढंच विचारलं, "कपड़ा नील में एक बार डुबोने से रंग पक्का होता है?"

"ना साब. बार-बार डुबोना पड़ता है."

"तो?"

 उंटगाडी रिकामीच परत गेली.

*

हा शेवटचा मी फार कमी लोकांना सांगितलाय. 

सहा आठवडे पुरे झाले. रक्त परत तपासलं, एकही जंतू नाही! सर स्वतः खाटेपाशी जाऊन म्हणाले, "माँजी, खून साफ है." म्हातारीने वॉर्डभर गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगन घरी जायला निघाला होता. खाटेवर बसून डोक्याला साफा बांधत होता. बांधता बांधता हात थांबला आणि तो कलंडला. जंतू मेले होते, पण त्यांनी पोखरलेल्या झडपेचा एक कण सुटून मेंदूत जाऊन अडकला होता. आम्ही करता येईल ते सगळं केलं. दुपारी छगन गेला.

म्हातारी रडली नाही. माझ्याकडे बघत तिने विचारलं, "बाईसा, बुखार था?"

"नहीं, माँजी."

"खून में कीड़े?"

"नहीं. एक भी नहीं."

तिने अर्धवट बांधलेला साफा सोडवून त्याची नीट घडी घातली आणि तो छातीशी धरला.

"तो म्हारो छगन ठीक होके गयो."