हनीफभाईंचा जादा अर्थ

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. उरलेले नट, बोल्ट, वायसर त्यात पडत राहतात. फेकवत नाहीत, आणि कधी लागतील तेही सांगता येत नाही. हनीफभाईंच्या दुकानातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. भाई बारा वर्षं कुवेतला गाड्यांची वायरिंग करून आलेले आणि येताना एक ठाम मत घेऊन आलेले. इंजिनला कंपनी अर्थिंगची जी वायर देते, ती पुरत नाही! बॅटरीपासून इंजिनला एक, बॉडीला एक, अशा जाड काळ्या वायरी जादा टाकल्या की गाडी खूश!

*

मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. सकाळी स्टार्टर मारला की नुसती कुरकुर, आणि हॉर्न दाबला की हेडलाइट मंद. हनीफभाईंनी बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि मान हलवली.

"साहेब, गाडीत अर्थ नाही."

माझं तोंडच उतरलं. बायकोनेही हेच सांगितलं होतं! "भाई, आता घेतली ना. असं बोलू नका हो. विकून टाकू का मग?"

"विकता कशाला? दहा मिनिटं बसा, मी टाकतो ना अर्थ!"

दहा मिनिटांनी गाडी एका फटक्यात सुरू झाली. तेव्हापासून दर रविवारी मी तिथे चहाला. गाडी ठणठणीत असली तरी!

*

रविवारचे दुसरे मेंबर पेणकर सर. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबातले. शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, म्हणून गाडीला हात लावायचे नाहीत. रविवारी मात्र ती दुकानासमोर उभी करून गप्पांना बसायचे. सरांनी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि आठवीत हनीफभाईंना त्याच विषयात नापास केलं होतं.

"हनीफ, गाडीची बॉडीच लोखंडी. एक वायर घट्ट बसवली की झालं. बाकी ह्यात काही अर्थ नाही."

"तोच तर टाकतोय, सर!"

आम्ही सगळे हसलो, सर नाही. हनीफभाईंचा मात्र जीव त्यात अडकलेला. सर गेले की मला म्हणायचे, "साहेब, एकदा, फक्त एकदा सरांनी आपल्या तोंडाने म्हणावं, 'हनीफ, अर्थ आहे.' मग खुदा कसम, शटर कायमचं ओढलं तरी चालेल!"

*

गव्हाणचा म्हात्रे मासळीचा टेम्पो चालवायचा. त्याचं काम दणक्यात. "भाय, एक नको, माज्या टेम्पोला पाच अर्थ मारा!"

भाईंनी पाच मारले. पुढच्याच रविवारी म्हात्रे रिक्षातून उतरला. "भाय, टेम्पो रस्त्यात बंद पडलाय. चालू व्हतच नाय!"

हनीफभाई पेटी घेऊन धावले. मजा बघायला सर आणि मीही. भाईंनी अर्धा तास पाचही वायरी तपासल्या. शेवटी सरांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. टाकी कोरडी ठाक!

"म्हात्रे, डिझेल कोण टाकणार?"

"भाय बोलले, गाडी खूश व्हईल. मना वाटलं, खूश झाल्यावर खानार कमी!"

*

एकदा सरांनी शाळेच्या लॅबमधून मीटर आणला. प्रयोग माझ्या गाडीवर. सरांनी आधी मूळ वायर घासून घट्ट केली, मग जादा वायरी काढून एक रीडिंग घेतलं, लावून दुसरं. चष्मा वर करून म्हणाले, "फरक पॉइंट झीरो पाच व्होल्ट. म्हणजे नसल्यातच जमा."

हनीफभाई उसळले. "नसल्यातच जमा? सर, आठवीत तुम्ही मला अर्ध्या मार्काने बसवलंत! तेव्हा अर्धा मोजलात ना? मग आता पॉइंट पण मोजा!"

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण 'आहे' काही म्हणाले नाहीत.

*

पुढे सरांचीच गाडी ओवे गावाजवळ बंद पडली. हनीफभाईंनी मला स्कूटरवर मागे बसवलं, पिशवीत नवी वायर. मला वाटलं, आज सर बरे सापडले! बॉनेट उघडलं तर अर्थच्या वायरीचं टोक हिरवं पडलेलं. भाईंनी ते पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, गाडी सुरू. पिशवी उघडलीच नाही!

"बघितलंस? एकच पुरते!" सर म्हणाले.

परतताना मी विचारलं, "भाई, संधी का सोडली?"

"सर उन्हात उभे होते, साहेब. सत्तरीचा माणूस. अशा वेळी जिंकायचं असतं का?"

मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला. पुढच्या रविवारी सरांना चहा मात्र बिनसाखरेचा मिळाला!

*

सरांच्या पत्नी गेल्या आणि इस्रायलमधल्या मुलीने त्यांना कायमचं तिकडे बोलावलं. शेवटच्या रविवारी सरांनी गाडीची चावी हनीफभाईंच्या हातात ठेवली.

"सर, आता तरी टाकू जादा वायर?"

"अजिबात नाही."

सर चार पावलं गेले आणि वळले. हनीफभाई आशेने ताठ उभे राहिले.

"तो अर्धा मार्क आता वाढवता येणार नाही रे. रजिस्टर शाळेत राहिलं."

चार महिन्यांनी, रविवारी, बरोबर चहाच्या वेळेला फोन आला. भाईंनी स्पीकरवर टाकला. मी होतो, म्हात्रे होता.

"कसे आहात, सर?"

"मजेत. मुलगी जपते. दवाखाना समोरच. रस्ते गुळगुळीत. जावयाची गाडी नवीकोरी, एका फटक्यात सुरू होते."

"मग अजून काय पाहिजे, सर!"

सरांनी आवाज खाली आणला.

"हनीफ, इथे काही अर्थ नाही रे."

फोन बंद झाला. आमच्यातलं कोणी हसलं नाही. हनीफभाई उठले, काळ्या वायरीच्या बंडलातून दीड मीटरचा तुकडा कापला, दोन्ही टोकांना बोल्टात अडकवायच्या पितळी कड्या दाबून बसवल्या, वर टेप गुंडाळली. मग तो तुकडा माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, सरांचा पत्ता इंग्लिशमध्ये लिहून द्या."